भुंग्याचे शिंग आणि ज्युलियन हक्सले

ज्याच्या दारात माडाची चार झाडे आहेत त्याला गेंड्या भुंगा कोण ते सांगावे लागत नाही. शेंड्याच्या कोवळ्या कोंबात तो भोक पाडून शिरतो, आणि पुढे झावळी उलगडली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. माडावर चढणारा माणूस तारेच्या आकड्याने हा भुंगा ओढून काढतो. असे काढलेले पाच-सहा नर कधी एका ओळीत मांडून पाहावेत. अंगाने थोराड असलेल्याच्या डोक्यावर मागे वळलेले चांगले लांब शिंग असते. अंगाने किरकोळ असलेल्याच्या डोक्यावर जेमतेम उंचवटा. म्हणजे भुंगा थोडा लहान झाला की शिंग थोडेसे लहान होऊन थांबत नाही, फारच लहान होते. अंग आणि अवयव एका पावलाने चालत नाहीत.

हे पाहणारे पुष्कळ होते. मोजून त्याचा नियम मांडणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव इंग्लंडच्या ज्युलियन हक्सले यांचे. स्मरणिकेच्या पानावर परदेशी प्राणिशास्त्रज्ञाचे चरित्र पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण अवयव आणि देह यांच्या प्रमाणाचा ज्याने जन्मभराचा नाद लावून घेतला त्याची गोष्ट गजाननाच्या उत्सवात अगदीच अस्थानी होणार नाही, असे आम्ही समजतो.

ज्युलियन यांचा जन्म २२ जून १८८७ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे असे की मुलाच्या पाठीवर जन्मतःच ओझे पडावे. आजोबा टॉमस हेन्री हक्सले म्हणजे डार्विनच्या मताची बाजू भर सभेत लढवणारे झुंजार शास्त्रज्ञ. आई ज्युलिया ही कवी मॅथ्यू आर्नल्ड यांची पुतणी. तिने पुढे स्वतः मुलींची शाळा काढली. धाकटा भाऊ आल्डस कादंबरीकार म्हणून जगाला ठाऊक आहे, आणि अँड्र्यू हा सावत्र भाऊ १९६३ साली नोबेलचा मानकरी ठरला. आजोबा गेले तेव्हा ज्युलियन आठ वर्षांचे होते, पण नातवाने पुढे काय व्हायचे ते घरात जणू ठरलेलेच होते. ईटनची शिष्यवृत्ती, मग ऑक्सफर्डचे बेलिओल कॉलेज, प्राणिशास्त्रात पहिला वर्ग. मधेच १९०८ साली विद्यापीठाचे कवितेचे बक्षीसही त्यांनी पटकावले. त्याच वर्षी आई कर्करोगाने गेली. ती अवघी सेहेचाळीस वर्षांची होती.

तरुणपणीचे त्यांचे पहिले नावाजलेले काम पक्ष्यांवरचे आहे. आपल्या तळ्यांत बुडी मारणारी टिबुकली आपण पाहतो, तिच्या तुरेदार थोरल्या भाऊबंदांचा इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील जलाशयावर त्यांनी १९१२ च्या वसंतात अभ्यास केला. नर-मादी समोरासमोर येऊन माना हलवतात, पाणवनस्पती चोचीत धरून छातीला छाती लावतात, या सगळ्याचा अर्थ त्यांनी लावला. हा निबंध १९१४ साली प्रसिद्ध झाला आणि प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे आजही त्याचे नाव आदराने घेतात. यासाठी लागली ती दुर्बीण, वही आणि चिकाटी.

पण १९१४ हेच साल त्यांच्या आयुष्यातले काळे साल. अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरी नव्यानेच निघालेल्या राइस संस्थेत जीवशास्त्राचा विभाग उभा करण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. त्याच सुमारास ठरलेले लग्न मोडले आणि मन पार खचले. शुश्रूषागृहात राहावे लागले. ते सावरत होते तोवर ऑगस्टमध्ये मधला भाऊ ट्रेव्हनेन याने आत्महत्या केली. हाही खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेला होता. ज्युलियन यांना हे दुखणे जन्मभर पुरले. कामाचा झपाटा, मग एकाएकी सगळी नांगी टाकून अंथरुणाला खिळणे, मग पुन्हा झपाटा. त्यांच्या कामाची यादी वाचताना ही गोष्ट विसरून चालत नाही, कारण यादी इतकी लांब आहे की माणूस कधी थकत नव्हता असाच समज होतो. १९१९ साली त्यांनी ज्युलिएट बायो या स्विस तरुणीशी लग्न केले. पुढची छप्पन्न वर्षे या बाईंनी हे चढउतार सांभाळले.

महायुद्धानंतर हक्सले ऑक्सफर्डला आले, तिथून १९२५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाले. आमच्या मते त्यांच्या शास्त्रीय कामाची ऐन बहराची वर्षे हीच. १९२० साली त्यांनी ॲक्झोलोटल या जन्मभर पाण्यात बाल्यावस्थेतच राहणाऱ्या प्राण्याला बैलाची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली आणि तो कल्ले गाळून जमिनीवर चालू लागला. वर्तमानपत्रांनी जणू तारुण्याची गुटी सापडली अशी हाकाटी केली. त्या प्रसिद्धीची गोडी त्यांना लागली असे म्हणणाऱ्यांचे तोंड धरता येणार नाही. पण त्या गाजावाजाच्या आड दुसरेच, वरवर रुक्ष दिसणारे काम चालू होते: खेकडे तोलण्याचे.

खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांशी, ओहोटीच्या वेळी हे बोटाच्या पेराएवढे खेकडे आपल्याकडेही शेकड्यांनी दिसतात. नराची एक नांगी इवलीशी आणि दुसरी देहाला न शोभणारी अवाढव्य. ती वरखाली हलवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला धमकावतो. मादीच्या दोन्ही नांग्या लहानच. हक्सले यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जातीतले लहानमोठे नर घेऊन मोठी नांगी वेगळी तोलली आणि उरलेला देह वेगळा. कोवळ्या नरांत दोन्ही नांग्या सारख्याच असतात. देह वाढत जातो तशी एक नांगी त्याच्या पुढे धावू लागते. किती पुढे? इथे हक्सले यांनी जे पाहिले ते साधे आहे. आकडे जसेच्या तसे कागदावर मांडले तर वक्र रेषा येते. दोन्हींचे लॉगॅरिदम घेऊन मांडले तर बहुतांश सरळ रेष. शाळेत लॉगची कोष्टके ज्यांनी घोकली त्यांना याचा अर्थ कळेल: नांगीचे वजन देहाच्या वजनाच्या एका ठरावीक घाताच्या प्रमाणात वाढते. या खेकड्यात तो घात सुमारे १.६ निघाला. म्हणजे देह दुप्पट झाला की नांगी तिप्पट, आणि देह दहापट झाला की नांगी चाळीसपट. घात एक असता तर नांगी आणि देह हातात हात घालून वाढले असते. एकाहून कमी असता तर उलट झाले असते, जसे माणसाच्या डोक्याचे होते. तान्ह्या बाळाचे डोके उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढे दिसते, पण मोठेपणी तसे राहत नाही.

हा शोध त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केला. मेंदू आणि शरीर यांच्या वजनांचे असेच गणित जावामानवाचा शोध लावणारे द्युबुआ आणि फ्रान्सचे लापिक यांनी आधी मांडले होते, तेव्हा सगळे श्रेय एकट्या हक्सले यांचे नव्हे. पण हे सूत्र सगळ्या प्राणिसृष्टीत फिरवून पाहायचे धाडस त्यांचे. आणि फिरवताना ते सर्वांत जास्त रमले ते कीटकांत.

कीटकांची गोष्ट खेकड्याहून निराळी आहे, आणि तिथेच खरी गुंतागुंत आहे. खेकडा कात टाकत टाकत वाढतो, म्हणून एकाच खेकड्याची नांगी वाढताना पाहता येते. भुंगा तसा नाही. शेणखताच्या खड्ड्यात अळी म्हणून तो जे खातो त्यावर त्याचा आकार ठरतो. कोषातून बाहेर पडलेला भुंगा पुढे एका केसानेही वाढत नाही. त्याची शिंगे, पंख, पाय यांच्या पेशींच्या लहान लहान चकत्या अळीच्या अंगात दडलेल्या असतात आणि अळीचे खाणे आटोपल्यावर थोड्या दिवसांत त्या भराभर वाढून घेतात. त्यामुळे अंगाच्या मानाने शिंग किती, हे पाहायचे तर एकाच जातीतले लहानमोठे भाऊ शेजारी ठेवून पाहावे लागते. हक्सले यांनी स्टॅग बीटल जातींचे असे आकडे जमवले. या भुंग्यांचे जबडेच सांबराच्या शिंगांसारखे वाढतात. तिथेही सूत्र बरेच लागू पडले, मात्र सर्वांत थोराड नरांत रेष जराशी खाली वाकली. जणू जबड्याला लागणारा माल संपत आला होता.

मग शेपटीशी चिमटा असलेले इअरविग. बेटसन आणि ब्रिंडली या दोघांनी १८९२ साली इंग्लंडच्या ईशान्येकडील फार्न बेटांवरचे नर मोजून एक चमत्कारिक गोष्ट दाखवली होती. चिमट्याच्या लांबीचे दोन गट पडत होते: एक साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, दुसरा सातच्या आसपास, आणि अधलेमधले फार थोडे. बेटसन यांना यात निसर्ग उडी मारतो याचा पुरावा दिसला. हक्सले यांना वाटले की वाढीच्या नियमातूनच हे दोन गट निघत असले पाहिजेत. त्यांनी १९२७ साली या विषयावर लिहिले, पण साध्या घाताच्या सूत्रात दोन गट नीटसे बसत नाहीत, आणि आमच्या समजुतीप्रमाणे इथे सूत्रापेक्षा बेटसन यांचे आकडेच जास्त बोलके होते. पुढे शेणातल्या शिंगाळ भुंग्यांवर काम झाले तेव्हा उलगडा झाला. तिथे एक उंबरठा असतो. त्याच्या वरच्या वजनाची अळी शिंगवाला नर होते आणि बिळाच्या तोंडाशी पहारा करते. खालच्या वजनाची अळी बिनशिंगाचा नर होते आणि आडवाटेने बोगदा खणून मादीपर्यंत पोचते. दोघांच्या अंगात अनुवंशाचा मसाला एकच.

मुंग्यांबद्दलचा त्यांचा अंदाज मात्र पुष्कळ टिकला. एकाच वारुळात बारीक डोक्याच्या कामकरी मुंग्या आणि भल्या थोरल्या डोक्याच्या शिपाई मुंग्या असतात. या दोन वेगवेगळ्या घडणी मानायची गरज नाही. डोके देहाहून वेगाने वाढते या एकाच नियमावर लहान मुंगी एका टोकाला आणि मोठी दुसऱ्या टोकाला बसते, असे त्यांनी अनेक जातींबाबत दाखवले.

हे सगळे १९३२ साली सापेक्ष वाढीवरच्या त्यांच्या पुस्तकात एकत्र आले. सजीवांच्या आकारांचे गणित मांडणारे डार्सी टॉमसन यांना त्यांनी ते अर्पण केले. तोवर या विषयाला प्रत्येकाचे वेगळे नाव होते. फ्रान्सचे जॉर्ज तेसिये एक शब्द वापरत, हक्सले दुसरा. १९३६ साली दोघांनी एकत्र बसून ॲलोमेट्री हा शब्द ठरवला आणि इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत एकाच वेळी जाहीर केला. दोन शास्त्रज्ञांनी आपापले लाडके शब्द सोडून तिसऱ्यावर एकमत करावे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नसते. आपल्या मंडळांच्या सभांना जे हजर असतात त्यांना हे सांगायला नको.

पुस्तकात एक मोठा दावा होता, आणि तोच पुढच्या वादाचे मूळ ठरला. समजा, काही कारणाने एखाद्या जातीचा देह पिढ्यानुपिढ्या मोठा होत गेला. शिंगाचा घात एकाहून जास्त असेल, तर शिंग आपोआप प्रमाणाबाहेर वाढेल; त्यासाठी शिंगाचा काही वेगळा उपयोग असावाच लागत नाही. नामशेष झालेल्या आयर्लंडच्या महासांबराची प्रचंड शिंगे पाहून काही पंडित म्हणत की प्राण्याच्या आतलीच एखादी प्रेरणा त्याला विनाशाकडे ओढत नेते. हक्सले यांनी या गूढ प्रेरणेची गरज एका सूत्राने काढून टाकली. पण त्याचबरोबर नवा प्रश्न उभा केला. घात हा जातीच्या गळ्यातला साखळदंड आहे काय? की निवडीने तोही हवा तसा बदलतो?

या प्रश्नाचा पाठपुरावा हक्सले यांनीच करायला हवा होता. त्यांनी तो केला नाही. १९२७ सालीच एच. जी. वेल्स यांच्याबरोबर जीवशास्त्राचा महाग्रंथ लिहिण्यासाठी त्यांनी प्राध्यापकी सोडली होती. सहकाऱ्यांना हा वेडेपणा वाटला. त्याच वर्षी जे. बी. एस. हॉल्डेन यांच्याबरोबर एक पाठ्यपुस्तकही निघाले; हे हॉल्डेन म्हणजे तेच, जे पुढे भारतात येऊन कोलकात्याला आणि शेवटी भुवनेश्वरला राहिले. मग गॅनेट या समुद्रपक्ष्यांवरचा लघुपट आला, त्याला पुढे ऑस्कर मिळाले. १९३५ ते १९४२ लंडनच्या प्राणिसंग्रहालयाची चिटणिशी केली. बॉम्बवर्षावाच्या दिवसांत पिंजरा फुटून झेब्रा रस्त्यावर पळाला, तेव्हा चिटणीससाहेब स्वतः त्याच्या मागे धावले. कार्यकारिणीशी मात्र त्यांचे पटले नाही, आणि ते अमेरिकेत व्याख्यानांना गेलेले असताना त्यांची जागाच रद्द झाली. १९४२ साली उत्क्रांतीच्या आधुनिक समन्वयावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. मेंडेलची आनुवंशिकी आणि डार्विनची निवड यांची सांगड घालणाऱ्या त्या सबंध विचारपरंपरेला नाव मिळाले ते या ग्रंथावरून. १९४६ साली युनेस्कोचे पहिले महासंचालक झाले. सहा वर्षांची नेमणूक व्हायची ती दोनच वर्षांची झाली. बिजू पटनाईक यांच्या देणगीतून युनेस्कोमार्फत विज्ञानप्रसारासाठी सुरू झालेला कलिंग पुरस्कार त्यांना १९५३ साली मिळाला. १९५८ साली सर ही पदवी, आणि १९६१ साली वन्यजीवांसाठीचा जागतिक निधी स्थापन करण्यात पुढाकार.

एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हाला बरे वाटत नाही. हक्सले सुप्रजननवादी होते, माणसांची पैदास निवडून सुधारावी या मताचे, आणि १९५९ ते १९६२ या काळात ब्रिटनमधल्या त्या संस्थेचे अध्यक्षही होते. तेच हक्सले १९३५ साली मानववंशशास्त्रज्ञ हॅडन यांच्याबरोबर पुस्तक लिहून नाझींच्या वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताची शास्त्रीय चिरफाड करतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

प्रयोगशाळा सोडून ते चव्हाट्यावर आले, असा आरोप त्यांच्यावर जिवंतपणी झाला आणि नंतरही. आम्हाला तो अर्धाच पटतो. ज्याने लाखो वाचकांना जीवशास्त्राची गोडी लावली त्याचे आयुष्य वाया गेले असे कोण म्हणेल? पण भुंगे, खेकडे आणि इअरविग यांच्या आकड्यांत वाकलेला तो माणूस आणखी दहा वर्षे तिथेच बसला असता, तर काय हाती आले असते, हा विचार मनातून जात नाही.

१४ फेब्रुवारी १९७५ रोजी लंडनमध्ये सत्त्याऐंशीव्या वर्षी ते वारले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्या स्टीव्हन गूल्ड यांनी त्या महासांबराच्या कवट्या आणि शिंगे पुन्हा मोजली. सूत्र बरोबर निघाले, पण शिंगे निव्वळ मोठ्या देहाचे फुकटचे फळ नसून प्रदर्शनासाठी निवडली गेली असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नंतरच्या काळात भुंग्यांच्या अंगात डोकावणे शक्य झाले. २०१२ साली जपानी गेंड्या भुंग्यात असे दिसले की इन्सुलिनचा संदेश कमी केला तर जननेंद्रियांवर परिणाम होत नाही, पंखांवर थोडासा होतो आणि शिंगावर सर्वांत जास्त. उपाशी अळीच्या अंगात हा संदेश मंद असतो, भरपेट अळीत जोरकस. शिंगाच्या पेशी तो इतरांपेक्षा तिखट कानाने ऐकतात. हक्सले यांनी कागदावर काढलेल्या रेषेला असे शरीरातले कारण सापडले.

आणि साखळदंडाचा प्रश्न? त्यासाठी फळांवर घोंघावणाऱ्या साध्या माशा घेण्यात आल्या. पंखाच्या शिरांचे पंखाच्या आकाराशी जे प्रमाण असते त्याचा उतारच निवडून निवडून बदलायचा, असा हा प्रयोग; त्याचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका घराण्यात उतार चढता होईल अशा माशा राखल्या, दुसऱ्यात उतरता होईल अशा. सव्वीस पिढ्यांत उतार दोन्ही बाजूंना स्पष्ट बदलला. मग निवड थांबवली आणि माशांना त्यांच्या मनाप्रमाणे वाढू दिले. पंधरा पिढ्यांत दोन्ही घराण्यांचा उतार होता तिथे परत आला.